दुपारचा उंचवटा

"रणवरे बाई, बारा वाजता काय होतं?"

डॉ. परांडेकरांनी हातातला आलेखाचा कागद थेट माझ्या वजनकाट्यावर पसरला. काट्यावर पेंडीची पाटी होती, ती त्यांनी कोपराने बाजूला सारली. एरवी माझ्या काट्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपत नसे. पण अजून दोन वाजायचे होते आणि दोनच्या आत साहेबांशी वाद घालायचा नाही, हे आमच्या केंद्रात शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

"बारा वाजता नळाचं पाणी जातं, साहेब."

"कोकरांचं विचारतोय मी."

"कोकरांना बाराला काहीच नसतं. सातला खुराक घालतो, दहाच्या आत गव्हाण चाटूनपुसून लख्ख. मग दुसऱ्या दिवशी सातलाच."

"ऐकलंत, देवचके?" साहेब मागे वळून म्हणाले. "काहीच नसतं. आणि तरी हे बघा."

मागे मृण्मयी देवचके उभी होती. पुण्याहून पीएच.डी. करायला आलेली, अंगाने काडी, बोलायला हळू, पण रक्त काढायला एवढी सफाईदार, की मानेत सुई गेलेली कोकराला कळायची नाही. मला ती मंदाताई म्हणायची. त्या दिवशी तिचा चेहरा असा फुलला होता, की माळावर उन्हात राहून रापलेली कातडीही तिला शोभत होती.

ही वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बोरमाळच्या मेंढी संशोधन केंद्रात मी भांडार सांभाळायचे. पेंड, मका, कडबा, औषधं, सगळं माझ्या काट्यावरून जायचं. पोती तोलता तोलता माणसं तोलायचीही सवय लागते. कोण आज रिकामा आलाय, कोण भरलेला, कोण वरून भरलेला आणि आतून पोकळ, ते दारातूनच कळतं. केंद्र म्हणजे तरी काय, माणदेशातल्या उघड्या माळावर चार पत्र्याच्या शेडी, एक कचेरी, एक चिंचेचं झाड आणि वारा.

मृण्मयीची चाचणी समजायला सोपी होती. आईपासून नुकती तोडलेली कोकरं, त्यांचे दोन गट. खुराक दोघांना सारखाच, मी ग्रॅमवर तोलून देत असे. पण पहिल्या गटाला तो सगळा सकाळी एकदम, आणि दुसऱ्याला अर्धा सकाळी, अर्धा संध्याकाळी. दोन गट दोन टोकांच्या शेडीत, एकाच्या बादलीचा आवाज दुसऱ्याला जाऊ नये म्हणून. मग मधून मधून एखादा दिवस ठरवून सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला रक्त काढायचं. साखर किती, इन्सुलिन किती, वाढीचं हार्मोन किती, आणि घ्रेलिन किती. हे घ्रेलिन तेव्हा नवं नवं सापडलं होतं. ते पोटातून सुटतं आणि मेंदूला कळवतं की भूक लागली, तयारीला लागा. जेवणाची वेळ जवळ आली की ते रक्तात चढतं, जेवण झालं की उतरतं.

दुसऱ्या गटाच्या आलेखात त्याचे दोन उंचवटे होते, सकाळी एक, संध्याकाळी एक. जसे हवेत तसे. पहिल्या गटाला एकच हवा होता, सकाळचा. तो होताच. पण बाराला आणखी एक होता. लहान, पण स्पष्ट. ज्या वेळेला त्यांना कुणी गवताची काडी देत नव्हतं, त्या वेळेला त्यांचं रक्त जेवायला बसत होतं.

"अंगातलं घड्याळ आहे हे," साहेब म्हणाले. "उपजत. दुपारी चरायची मेंढराची पिढीजात वेळ रक्तात उतरलीय. दुसऱ्या गटात ती संध्याकाळच्या खुराकाखाली दबली, एवढंच. जगात अजून कुणी दाखवलेलं नाही हे, बाई. परिषदेत देवचके वाचतील, मी शेजारी बसेन."

साहेब कुणाच्या शेजारी बसायला तयार झालेले मी पहिल्यांदाच पाहत होते.

ते गेल्यावर मृण्मयी पोत्यावर टेकली. "मंदाताई, माझी शिष्यवृत्ती या वर्षाअखेर संपते. बाबा म्हणतात, मेंढरं पुरे झाली, आता घरी ये. हे वाचलं की पदवीचं काम झालंच म्हणून समजा."

"मग पेढे कधी?"

"सर रागावतील. ते दोनच्या आधी खात नाहीत."

खरंच खात नसत. डॉ. परांडेकर एकभुक्त होते. कुठल्याशा वैद्यांनी सांगितलं म्हणून सुरू केलं आणि मग त्याचा अभिमानच झाला. दुपारी दोनला जेवण, बाकी दिवसभर पाणी. त्यामुळे साहेब दोन होते. दोनच्या आधीचे साहेब टाचणी पडली तरी चौकशी लावायचे. अडीचचे साहेब "असू द्या हो" म्हणायचे. आमच्याकडे रजेचे अर्ज सगळे अडीचला जात. स्वतः भुकेच्या हार्मोनवर काम करणाऱ्या माणसाला स्वतःचा आलेख कधी काढावासा वाटला नाही, याची मला गंमत वाटायची. पण ते सांगायला मी अडीचलासुद्धा गेले नसते.

दोन दिवसांनी ठकूबाई रिकामी पोती न्यायला आली. ठकूबाई म्हणजे म्हाकूमामांची बायको. म्हाकूमामा वाघमोडे पहिल्या गटाची शेड सांभाळायचे. जन्म मेंढरांमागे गेलेला, हयातीत पन्नास गावांची रानं तुडवलेली, गुडघे गेले तेव्हा केंद्रात रोजंदारीवर लागलेले.

"बाई, आमच्या मान्सास्नी तुमच्या डॉक्टरीणबाईस्नी दाखवा," ठकूबाई म्हणाली. "भूक वाढलीया. आदी दोन भाकरीत भागायचं, आता चार नेत्यात. आन् बरगड्या बगा, भाईरनं मोजून घ्या."

"चार खातात आणि वाळतात?"

"तेच म्हंते मी. जंत असत्याल."

मी पोती बांधून दिली, पण डोकं तिथेच अडकलं. चार भाकरी आत जातायत आणि वजन उतरतंय. माझ्या धंद्यात याला जंत म्हणत नाहीत, गळती म्हणतात. पोत्याला कुठेतरी भोक आहे.

दुसऱ्या दिवशी पावणेबाराला मी मृण्मयीला म्हटलं, "चल, पहिल्या शेडीवर जाऊन येऊ."

"आत्ता? आत्ता तिकडे कुणीच नसतं. सगळे जेवायला जातात."

"म्हणूनच."

शेडीच्या मागून गेलो. अजून म्हाकूमामा दिसत नव्हते, पण सगळी कोकरं कुंपणाच्या एका कोपऱ्यात गोळा झाली होती. कान पुढे, माना वर. ओरडत नव्हती. नुसती वाट पाहत होती. मग मामा हौदावर हात धुऊन आले, कोपऱ्यातल्या दगडावर बसले आणि त्यांनी फडकं सोडलं. त्यांनी पहिली भाकरी उचलली, तिचे लहान लहान तुकडे केले आणि एकेका कोकराच्या तोंडात एकेक देऊ लागले. कुणाला दोनदा जाऊ नये म्हणून दुसऱ्या हाताने कान धरून बाजूला करत होते. सगळ्यांना पोचेपर्यंत जवळजवळ तीन भाकऱ्या गेल्या. उरली ती खरड्याशी खाऊन ते वर पाणी प्यायले.

माझ्या शेजारी मृण्मयी उभी होती. तिने एकच केलं, कुंपणाची तार हातात घट्ट धरली.

"मामा," मी हाक मारली. "हे कधीपासून?"

"काय, बाई?"

"हे भाकरीचं."

"ही हिकडं आल्यापास्नं." मामांना त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. "काय करू? सकाळी खात्यात ते खात्यात, मग दीसभर कोरडी. मी खायाला बसलू की त्वांडाकडं बगत्यात. आमच्यात उपाशी जितराबाम्होरं त्वांड हलवत न्हाईत. आज्यानं घालून दिलंय."

"मग दुसरीकडे बसून खायचं."

"मोकाट कुत्री हायेत की. येकलं कसं टाकू ह्यास्नी?"

मृण्मयी हळूच म्हणाली, "मामा, रक्त काढतो त्या दिवशीपण देता?"

"छ्या. त्या दिशी सायेब असत्यात, तुमी असता. राखायला मान्सं असत्यात. मी चिंचंखाली जाऊन खातो." मग त्यांना आमच्या चेहऱ्यांवरून काहीतरी उमगलं असावं. "येवढासा तुकडा, डॉक्टरीणबाई. त्यानं काय हुतंय?"

 भांडारात आल्यावर मृण्मयी बसली आणि म्हणाली, "घड्याळबिड्याळ काही नाही, मंदाताई. भाकरी आहे."

मला स्वतःचाही राग आला होता, ते वेगळंच. मी ग्रॅमवर तोलत होते आणि माझ्या काट्याला वळसा घालून रोज तीन भाकऱ्या आत जात होत्या.

"कुणाला कळणार आहे?" मी म्हटलं. ते मी तिला तोलायलाच म्हटलं.

"मला कळलंय ना." तिने कपाळाला आलेला घाम पुसला. "परिषदेत कुणी विचारलं, बाराला यांना काही मिळत नव्हतं याची खात्री आहे का, तर मी काय सांगू? हो?" मग म्हणाली, "सरांना सांगायला हवं. पण सांगितलं की ते चाचणी मोडीत काढतील. नवीन कोकरं, नवीन वर्ष. आणि तोवर मी पुण्याला."

"सांग. पण अडीचला सांग."

"हो."

"नक्की?"

"हो म्हटलं ना, मंदाताई."

साडेबाराला ती गेली. तिला पाच मिनिटं थांबवेना, दोन तास कुठले थांबवणार. काही माणसांना खरं बोलायचं ठरलं की ते पोटात ठेववत नाही, ओकारीसारखं येतं. मी मागोमाग धावले, पण कचेरीचं दार आधीच लागलं होतं. साहेबांचा आवाज दाराबाहेर माझ्यापर्यंत काय, चिंचेपर्यंत जात असेल.

"भाकरी? पहिल्या दिवसापासून भाकरी? आणि तुम्हाला आज कळतंय?"

"सर, पण रक्त काढलं त्या दिवशी भाकरी दिली नव्हती. मग हार्मोन वर का गेलं, एवढं तरी..."

"मला भाकरीवर निबंध नकोय. चाचणी नासली. संपलं. आणि त्या माणसाला उद्यापासून शेडीवर ठेवायचं नाही."

ती बाहेर आली. रडली नव्हती. मी तिला आत नेऊन बसवलं आणि माझ्या डब्यातली पोळी-भाजी पुढे केली. तिने नको म्हणून सांगितलं आणि सगळं खाल्लं.

"आता मामांचं काय?" ती म्हणाली. "माझ्यामुळे त्यांची रोजी जाणार."

"अजून दोन वाजायचेत," मी म्हटलं.

अडीच वाजून गेले असतील. साहेब भांडाराच्या दारात उभे राहिले. चष्मा कपाळावर, तोंडात बडीशेप, चालीत ऐसपैसपणा. हे दुसरे साहेब होते.

"काय हो रणवरे बाई, एक विचार आला." ते पोत्यावर बसले. "रक्त काढलं त्या दिवशी त्यांनी भाकरी दिली नव्हती. मग हार्मोन वर का गेलं?"

मी मृण्मयीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. शब्द न् शब्द तिचा होता. पण मधे जेवण झालं होतं आणि वाक्य आता साहेबांचं झालं होतं. मी तिला डोळ्यांनी खुणावलं की राहू दे.

"विचार करायला लावणारं आहे, सर," ती म्हणाली.

"आहेच. पोटात काही न पडताच ते चढलंय. म्हणजे एक तर माझं घड्याळ खरं आहे, नाहीतर या कोकरांचं शरीर भाकरीची वाट बघायला शिकलंय. एवढ्याशा तुकड्याची." साहेबांनी बोटाच्या पेरावर तुकडा दाखवला. "कसं ओळखायचं, देवचके?"

"भाकरी बंद करायची. बाराला मामा तिथे दिसताच कामा नयेत. दुसरं कुणीतरी राखणीला, त्याने काही खायचं नाही. काही आठवडे गेले की परत रक्त काढायचं. उंचवटा राहिला तर घड्याळ. गेला तर भाकरी."

"बरोबर. आणि वाघमोडेंना सांगा, सकाळ-संध्याकाळ शेड त्यांचीच. कोकरांना माणूस ओळखीचा हवा."

"तुम्ही त्यांना काढायला सांगितलं होतं, साहेब," मी म्हटलं.

"मी?" साहेबांना खरंच नवल वाटलं. "असू द्या हो."

त्यानंतरचे दिवस सगळ्यांत जास्त कुणाला जड गेले असतील तर म्हाकूमामांना. बाराला ते माझ्या भांडारात येऊन बसायचे. पण भांडारातूनही शेडीचा तो कोपरा दिसायचा. पहिले काही दिवस बारा वाजले की कोकरं तिथे गोळा व्हायची, दगडाकडे तोंड करून. थोडी थांबायची, मग ओरडायला लागायची. मामा भाकरी फडक्यात परत गुंडाळायचे.

"खा की, मामा."

"मागनं खातो."

"ती लांब आहेत. त्यांना दिसत नाही तुम्ही."

"मला दिसत्यात की, बाई."

मग मी दार लोटून घेऊ लागले. अंधारात, पेंडीच्या वासात, आम्ही दोघं जेवायचो. ठकूबाई एकदा येऊन बघून गेली आणि म्हणाली, "जंत पडलं वाटतं. भरलं की गालफडं."

हळूहळू कोपऱ्यात येणारी कोकरं कमी झाली. मग एक लंगडतं तेवढं यायचं. मग एके दिवशी तेही बाराला सावलीत बसून रवंथ करत राहिलं. मामांनी दार किलकिलं करून पाहिलं आणि म्हणाले, "इसरली." त्यांना आनंद झाला की दुःख, ते माझ्या काट्यावर काही नीट बसलं नाही.

रक्त काढलं. नळ्या बर्फात घालून पुण्याला गेल्या. निकाल यायला जो काय वेळ लागला, त्यात मृण्मयीने नखं संपवली. वडिलांचं पत्र दोनदा आलं, तिने दोन्ही वेळा मेंढरांच्या तब्येतीबद्दल उत्तर पाठवलं.

पाकीट आलं ते सकाळी अकराच्या टपालाने. ती माझ्याकडे घेऊन आली. काट्यावर पसरलं. सकाळचा उंचवटा होता तसाच. बाराच्या जागी रेघ सपाट, माळासारखी.

"गेला," ती म्हणाली. "घड्याळ नाही. भाकरीच." आणि मग हसायला लागली. "मंदाताई, कळतंय का तुम्हाला? दिवसाच्या खुराकापुढे तो तुकडा म्हणजे काहीच नाही. पण तेवढ्यासाठी अख्ख्या शरीराने आपलं वेळापत्रक बदललं होतं. खुराक किती, एवढंच महत्त्वाचं नाही. कुणी, कधी, रोज येतं का, हे रक्तात उतरतं. हे मी मांडू शकते. हे खरं आहे."

"साहेबांचं घड्याळ बंद पडलं त्याचं काय?"

तिचं हसू मावळलं. ते घड्याळ साहेबांचं केंद्रभर सांगून झालं होतं.

"या वेळी अडीचला जाते," ती म्हणाली.

पण अडीचपर्यंत थांबायची वेळच आली नाही. चाचणी संपली म्हणून मी म्हाकूमामांना सांगून टाकलं होतं, की आता तुमच्या दगडावर बसून जेवा. आणि टपाल आल्याचं शिपायाने साहेबांना सांगितलं. बाराच्या सुमाराला साहेब तरातरा पहिल्या शेडीकडे निघाले, त्यांच्यामागे कागद घेऊन मृण्मयी, तिच्यामागे मी.

मामा दगडावर नुकते बसले होते. फडकं सोडलेलं. कोकरं लांब सावलीत, ती अजून आपली बसलेलीच.

साहेबांनी उभ्या उभ्या कागद पाहिला. बराच वेळ पाहिला. कपाळावर आठी चढली, ओठ आवळले गेले. दोनच्या आधीचे साहेब भरून येत होते.

तेवढ्यात मामा उठून उभे राहिले. हातात भाकरी.

"सायेब, बसा."

"हं?"

"तुमी असं म्होरं हुबं. मी कसा खाऊ?"

"तुम्ही खा. मी दुपारी दोनशिवाय खात नाही."

"म्हंजी उपाशीच हायसा." मामांनी भाकरी मोडली, अर्ध्यावर खरडा ठेवला, कांदा बुक्कीने फोडला आणि ती अर्धी साहेबांच्या पुढे धरली. कोकरांपुढे धरायचे तशीच, तळहात सरळ करून. "घ्या. मग मला खाता यील."

साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. मी चिंचेकडे पाहू लागले, मृण्मयी पायांकडे. साहेब दगडावर टेकले. पहिला घास त्यांनी अधिकाऱ्यासारखा खाल्ला, दुसरा माणसासारखा. खरड्याने डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. अर्धी संपल्यावर त्यांनी हात पुढे केला नाही, पण मामांनी उरलेली अर्धी दिली आणि त्यांनी ती घेतली.

खाऊन झाल्यावर त्यांनी कागद पुन्हा उघडला.

"सपाट आहे," ते म्हणाले.

"हो, सर."

"घड्याळापेक्षा हे चांगलं आहे, देवचके. घड्याळ काय, भिंतीवरपण असतं." ते बोटं चाटत उठले. "परिषदेत हेच वाचा. भाकरीसकट. आणि शिष्यवृत्तीच्या मुदतवाढीचा अर्ज आणून ठेवा, मी सही करतो."

"अडीचला आणू?"

"अडीचला कशाला? आत्ता आणा."

मृण्मयीने ते परिषदेत वाचलं, पुढच्या वर्षी पदवी घेतली, आणि आता ती स्वतः विद्यार्थ्यांच्या वाक्यांना आपली म्हणायच्या वयाची झाली आहे. फोनवर मी तसं म्हणाले की हसते आणि म्हणते, मी आधी जेवून घेते, मंदाताई.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या दुसऱ्या दिवशीचं. बारा वाजायला थोडा अवकाश होता. मी भांडाराच्या दारात मका निवडत बसले होते. साहेब कचेरीतून बाहेर आले. हातात कागद नाही, काही नाही. पहिल्या शेडीवर त्या दिवशी त्यांचं काहीही काम नव्हतं, चाचणी संपली होती. तरी ते सावकाश चालत गेले आणि कुंपणाच्या त्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले, दगडाकडे तोंड करून. मान जराशी वर.

त्यांचं रक्त कुणी काढलं नाही. गरज नव्हती.

हौदावर हात धुऊन म्हाकूमामा आले, त्यांनी साहेबांना पाहिलं आणि फडकं सोडायला बसले. तिसऱ्या दिवसापासून ठकूबाई एक भाकरी जास्त बांधून देऊ लागली.